थोरल्याची चूल

माझ्या भावाला माहेरी सगळे धाकटा म्हणतात. तो माझ्यापेक्षा मोठा, आणि त्याच्यावर दुसरा भाऊ नाही. लग्न होऊन मी काटेवाडीत आले तेव्हा सासूबाईंनी एकदा विचारलंच, "तुला येकच भाऊ हाय न्हवं? मग त्यो धाकटा कसा? थोरला कुठं ग्येला?" मी म्हटलं, थोरला डोंगरावर आहे. सासूबाईंना वाटलं, फॉरेस्टात नोकरीला असेल. त्या लगेच म्हणाल्या, "पगार बरा असंल मग."

तर थोरला म्हणजे माझ्या आईचं पहिलं पोर. आमचं माहेर भवानीनगरजवळ. आता ऊस आहे, कारखान्याचे सभासद आहोत, दारात ट्रॅक्टर उभा आहे. पण आई लग्न होऊन आली तेव्हा घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप कोकणात चालत जायचा आणि पावसाच्या आधी माघारी यायचा. घोड्यावर संसार, बायका पायी. पहिल्याच वर्षी आई वाटेत बाळंत झाली, घाट उतरायच्या आधीच्या डोंगरावर. पोरगा झाला. पाचवी पुजली आणि बारशाच्या आत तो गेला. नाव ठेवायलासुद्धा सवड मिळाली नाही, म्हणून तो नुसताच थोरला.

पुरायचा कुठं, हा प्रश्न होता. रानात कोल्ही उकरून काढतात. माझी आजी म्हणाली, "चुलीखाली ठिव. जळक्या मातीला जनावर तोंड लावत न्हाय." म्हणून आईनं जिच्यावर भाकरी केली होती तीच चूल हलवली, खाली त्याला ठेवलं, माती चोपली आणि वर परत चूल मांडली. तिकडं सगळा तांबडा जांभा दगड. खूण पटावी म्हणून आईनं पाट्याचा काळा तुकडा चुलीपुढं रोवला. मसाला वाटायचा तो पाटा डोंगर चढताना घोड्यावरून पडून दुभंगला होता. दुसऱ्या दिवशी कळप हलला. आई सांगायची, "मेंढरं कुणासाठी थांबत न्हाईत गं."

पुढं दरवर्षी कळप तिथं उतरला की आई त्याच चुलीवर मेंढीचं दूध तापवायची आणि मुद्दाम उतू घालायची. आमच्यात दिवाळीला दूध उतू घालतातच, बरकत यावी म्हणून. आईचं हे वेगळं होतं. ते थोरल्याच्या वाटचं दूध.

मग कालव्याचं पाणी आलं, वडिलांनी मेंढरं विकली, ऊस लावला. कोकणात जाणं बंद झालं.  मात्र रोज दिवेलागणीनंतर दाराची कडी लावायच्या आधी ती विचारायची, "सगळी आली का?" कळप कोंडताना विचारतात तसं. आम्ही म्हणायचो, आली. ती "बरं" म्हणायची आणि तरी दाराकडं बघत थोडा वेळ बसायची. आमच्या लहानपणी आम्ही तिची नक्कल करून हसायचो. का बसते ते कळलं तेव्हा हसणं बंद झालं.

आता आईचे गुडघे गेले. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, चालणं जेवढं आहे तेवढं आहे, पुढं कमीच होणार. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाली, "मला येकदा तितं न्या. येकदा उतू घालती. मग माझं काय बी म्हननं न्हाय."

दादानं, म्हणजे धाकट्यानं, मोबाइलवर शोधलं. शोधलं आणि हसायलाच लागला. "आई, तुझा डोंगर लई फेमस झालाय की! निसर्ग उद्यान म्हनत्यात आता त्याला. तंबूत झोपायचं, शेकोटी, समुद्र बघायचा. बुकिंग करतो." मी म्हटलं, आपण कामाला चाललोय, हुंदडायला नाही. तो म्हणाला, "दोन्ही हुतं की एका खर्चात." माझा भाऊ असा. देवाला जायचं झालं तरी वाटेत मटण कुठं चांगलं मिळतं ते आधी विचारून घेतो.

आईला गाईचं दूध चालणार नव्हतं. मेंढीचंच पाहिजे. इंदापूरकडं ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तिथं जाऊन मी किटलीभर दूध आणलं. बर्फाच्या डब्यात ठेवलं. आईनं तो डबा वाटभर पायाशी धरला. मी गाडीत मागं, दादा गाडी चालवतोय, तोंडात माव्याचा तोबरा, दर दहा मिनिटांनी काच खाली आणि पचकन बाहेर. मी सांगून ठेवलं, पुन्हा काच उघडलीस तर तुझ्याच शर्टावर थुंकायला लावीन.

डोंगर चढलो आणि माझा तिथला पहिला श्वास नाकातच अडकला. शी! मी दुधाचा धंदा करते. माझ्या गोठ्यात या, शेणाचा वास येईल, नाही म्हणत नाही. पण तो धुतलेल्या शेणाचा वास. इथं समुद्राचा वारा येतोय म्हणून आम्ही तोंड वर केलं, तर आधी संडासाचा वास, त्यात तळलेल्या तेलाचा, वर कुठलं तरी अत्तर फवारलेलं. मोठी कमान, कमानीवर "निसर्गाच्या कुशीत आपलं स्वागत आहे". कमानीखाली कुत्रं ओकत होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

करवंदीच्या जाळ्या आहेत तिथं. माझ्या आईनं आयुष्यभर त्या करवंदांच्या गोष्टी सांगितल्या. त्या जाळ्यांवर लहान पोरांचे घाण झालेले लंगोट लटकत होते, ते विकतचे, फेकून द्यायचे. एक तर असा नीट घडी करून फांदीत खोचलेला, जसं काही उद्या परत न्यायचाय. माकडं वेफर्सच्या पिशव्या तोंडात घालून फिरत होती. बसायच्या कातळावर बाटल्या फोडलेल्या. पोरंपोरी त्याच काचांत उभं राहून समुद्राकडं पाठ करून फोटो काढत होती. समुद्र लांब एखाद्या दोरीसारखा दिसत होता, अगदी आई सांगायची तसा. तेवढं एकच तिचं सांगणं खरं उरलं होतं.

तंबूंचा मालक म्हणा, मॅनेजर म्हणा, एक हाफचड्डीतला मुलगा आला. पंचविशीचा असेल. आईला "हाय आजी" म्हणाला. मी दुधाची किटली त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "हे उद्या सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. सांडू नका, हलवू नका. आम्ही याच्यासाठीच आलोय." तो म्हणाला, "डोंट वरी मॅम." मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. चिंता करू नका म्हणणारा माणूस कधी चिंता मिटवत नसतो.

कळप उतरायचा त्या झऱ्याकाठच्या जांभळीखाली मी आईला घेऊन गेले. जांभूळ होती. झरा होता, म्हणजे त्याला पाइप लावून वर काळी टाकी बसवली होती. पण जमीन! जेसीबी लावून सगळं सपाट केलेलं, आमच्याकडं उसाला रान करतात तसं, आणि त्यावर नारिंगी तंबूंच्या रांगा. आई काठी टेकत एकेका तंबूच्या मागं गेली. "हितं घोडं बांदत हुतो," म्हणायची. "हितं तुजा बा निजायचा." मग थांबायची, परत मागं यायची. तिला जागा लागत नव्हती. एका तंबूतनं बाई बाहेर डोकावली आणि म्हणाली, "एक्स्क्यूज मी, प्रायव्हसी प्लीज." मी म्हटलं, "बाई, तुमच्या आधीचं राखीव आहे इथं आमचं." तिला काय कळणार. तिनं चेन ओढून घेतली.

मी मॅनेजरला विचारलं, इथं चुलीचे दगड होते, एक काळा पाट्याचा तुकडा होता. तो म्हणाला, "मॅम, लेव्हलिंगच्या वेळी खूप दगड निघाले. ओपन फायर इथं अलाउड नाही तसं. बार्बेक्यू पॉइंट आहे ना." तो बार्बेक्यू पॉइंट मी पाहिला. अर्ध्या कापलेल्या पिंपात राख, राखेत कोंबडीची हाडं, जळका प्लास्टिकचा चमचा, आणि बाजूला हात पुसलेल्या कागदांचा ढीग. तिथं माझ्या आईनं दूध तापवावं? 

संध्याकाळी आई जेवली नाही. दादानं आग्रह केला तर म्हणाली, "न्हाय रं धाकट्या. त्यो सापडू दे, मग खाती." दादा चिकनची प्लेट घेऊन लांब जाऊन बसला. जेवून पाण्याच्या पिंपाच्या नळाला हात धुतले, खळखळून चूळ भरली, मावा तोंडात टाकला, तिथंच पिचकारी मारली आणि आला. तिथं सगळेच तसं करत होते. नळाखाली पायाला चिखल लागू नये म्हणून दगड टाकला होता, त्यावर उभं राहायचं, खाकरायचं, थुंकायचं, पुढच्यानं परत त्यावरच उभं राहायचं. मी माझ्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले.

तंबूचं काय सांगू? उशीला कुणाच्या तरी डोक्याचं तेल होतं. चादरीवर केस. दुसऱ्याच्या अंगाच्या वासात आपण झोपायचं आणि त्याला निसर्ग म्हणायचं. बाहेर स्पीकरवर धांगडधिंगा चालला होता. अंधार पडताना आईनं सवयीनं विचारलं, "सगळी आली का?" आणि स्वतःच म्हणाली, "आलीत. हितंच हायती की." मला इतका राग आला, तिच्यावर नाही, तिच्या वाट्याला आलेल्या या घाणीवर, की मी कूस बदलून डोळे मिटून घेतले.

सकाळी मी आधी किटली आणायला गेले. किटली फ्रिजबाहेर होती. टेबलाखाली, शेगडीच्या शेजारी. आत थंड पेयांच्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. झाकण उघडलं, आंबूस वास आला. दूध नासलं होतं. मॅनेजर डोळे चोळत आला आणि म्हणाला, "सॉरी मॅम, गेस्टना चिल्ड लागतं ना. अमूलचं पॅकेट देऊ का?" माझ्या तोंडात जेवढ्या शिव्या होत्या त्यातल्या निम्म्या मी दिल्या. निम्म्या शिल्लक ठेवल्या, कारण आई बघत होती.

आईला सांगितलं.  तिनं कनवटीची मिश्रीची डबी काढली आणि दात घासायला नळाकडं गेली. दुसरं करण्यासारखं काही नसलं की ती दात घासते. मी टॉवेल घेऊन मागं गेले. दादा नुकताच तोंड धुऊन बाजूला झाला होता. सकाळचा पहिला मावा त्यानं तोंडात टाकला होता आणि पहिली पिचकारी नेहमीच्या जागी मारली होती.

आईला वाकता येत नाही म्हणून ती हळूहळू खाली बसली. बसली आणि दात घासायचंच विसरली. तिनं पदरानं त्या पायाखालच्या दगडावरची लाल थुंकी पुसली. मी ओरडले, "आई, अगं शी, पदर कशाला!" तिनं ऐकलं नाही. पाणी ओतलं, पुन्हा पुसलं. चिखलाखाली काळा दगड. काळ्या दगडावर छिन्नीच्या टाकीचे ठिपके, झिजलेले, पण कडेला अजून बोटाला लागणारे. एक कोपरा उडालेला.

"ह्यो बग," आई म्हणाली. "ह्यो माझा पाटा."

मी दादाकडं बघितलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात अजून लाल ओघळ होता. त्यानं तोंडातलं सगळं हातात काढलं. कुठं टाकावं ते त्याला कळेना, तसाच मूठ आवळून उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कारखान्याच्या मीटिंगला कडक कपडे घालून पुढच्या खुर्चीवर बसणारा. "आई," म्हणाला, "मी काल धरनं हितंच..." 

आई म्हणाली, "तुला काय ठावं रं."

एवढंच. तिनं त्याला एक शब्द लावला नाही. तिनं नाही लावला म्हणून मीही गिळून टाकला. धाकटा थोरल्यावर थुंकला, हे मला आजही कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर मी त्याच्या कानाखाली वाजवीन. पण डोळ्यांनी पाहिलंय.

आईनं मॅनेजरला बोलावलं. हा दगड तुम्ही कुठनं उचलला, एवढंच विचारलं. तो आठवायला लागला आणि मग त्यानं हात केला, जांभळीच्या खालच्या अंगाला. तिकडं पत्र्याच्या संडासांची रांग होती. "तिथं पडलेला होता आजी. फ्लॅट होता, म्हणून नळाला टाकला."

आई त्या रांगेकडं बघत राहिली. एकाचं दार उघडलं, आतून एक जण टॉवेल लावून गाणं म्हणत बाहेर आला. मला वाटलं, आता आई खाली बसणार, रडणार. मी तिचा दंड धरला. म्हटलं, "थोडी माती घ्यायची का तिथली?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच घाण केली होती. "ती माती? ती नगं मला. दगूड उचल, धाकट्या. हितं न्हाय ठेवायचा आता ह्याला. घरी न्यायचा."

मॅनेजर मध्ये आला. "सर, तसं कॅम्पचं सामान नेता येत नाही." मी शिल्लक ठेवलेल्या निम्म्या शिव्या तेव्हा कामी आल्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. शेवटी मी म्हटलं, "तुझं सामान? अरे, तुझा डोंगर नव्हता तेव्हा माझ्या आईनं तो इथं रोवलाय. बाजूला हो, नाहीतर किटलीतलं दूध तुझ्या फ्रिजमध्ये ओतते." तो बाजूला झाला. नासलेल्या दुधाला सगळे भितात.

दादानं तो दगड उचलला. आधी मूठ धुतली, मग हात धुतले, मग परत धुतले. झऱ्याच्या पाइपाखाली दगड धरून बोटांनी घासला, एकेका ठिपक्यातली घाण नखानं काढली. आम्ही दोघी उभ्या होतो. लोक ब्रश तोंडात धरून बघत होते. एक जण मोबाइल काढायला लागला, तेव्हा दादा नुसता त्याच्याकडं वळला. मोबाइल खिशात गेला.

वाटभर आईनं दगड मांडीवर घेतला. मी म्हटलं, ओझं होईल, गुडघे दुखतील, खाली ठेव. ती म्हणाली, "मेलं ओझं! पाच दिसाचं पोर किती जड असतंय?" दादानं गाडी हळू चालवली. सबंध रस्त्यात काच एकदाही खाली झाली नाही. फलटणला चहाला थांबलो तेव्हा त्यानं माव्याची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. सोडला म्हणून नाही सांगत मी, पुढं आठवड्यात परत सुरू केला त्यानं. सवय कुठं सुटते? फक्त आता थुंकायला घरामागं लांब जातो.

भवानीनगरला पोचलो तेव्हा दुपार सरली होती. दादा गाडीतनं उतरलाच नाही. आम्हाला सोडलं आणि इंदापूरकडं गेला, त्या मेंढरांकडं, ताजं दूध आणायला. तोवर आईनं अंगणात, उंबऱ्याच्या उजव्या हाताला जागा करून घेतली. मी शेणानं सारवली. तीन दगड मांडले. पुढं तो काळा तुकडा रोवला. जळण म्हणून उसाचं पाचट आणि बाभळीच्या काटक्या. माझी वहिनी आईला म्हणाली, "आत्या, आत गॅस हाय की." आई म्हणाली, "व्हय, हाय. तुज्या पोरांसाठी."

दूध आलं. पातेलं चढलं. मी जन्मभर दुधात काढलंय. दूध वर यायला लागलं की माझा हात आपोआप जातो, तेच झालं, पदरानं पातेलं उचलायला मी पुढं वाकले. आईनं माझं मनगट धरलं. जोर होता अजून तिच्या हातात. साय फुगली, कड सुटली, दूध पातेल्याच्या अंगावरनं खाली आलं, विस्तवात चरचरलं आणि त्या काळ्या दगडावर पसरलं. आई बघत होती. दादा उकिडवा बसून बघत होता. दूध टाकीच्या ठिपक्यांत साठलं आणि थोडा वेळ तसंच राहिलं.

आईला मग भूक लागली. आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. दोन भाकरी खाल्ल्या तिनं, वहिनीच्या हातचं पिठलं कौतुक करून खाल्लं.

दिवेलागण झाली. मी काटेवाडीला जायला निघाले होते, दारात चप्पल घालत होते. आई पलंगावर होती. दाराकडं बघत बसली नव्हती, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली होती. दादानं कडीला हात लावला आणि थांबला. इतकी वर्षं तो प्रश्न तिनंच विचारलेला. आज ती विचारीना. मग त्यानंच विचारलं.

"आई, सगळी आली का?"

"आली," आई म्हणाली. "लाव कडी."